तिरप्या धुऱ्याची तूर

प्रिय बाबा,

आज शनिवार. संध्याकाळचे साडेसात वाजलेत, म्हणजे तुमच्या फोनची वेळ. तुम्ही गेल्याला चार महिने होतील, तरी शनिवारी ह्या वेळेला माझा हात फोनकडे जातोच. आज तो फोनकडे न जाता वहीकडे गेला, कारण जे सांगायचं आहे ते तुम्ही असताना एकवीस वर्षं मला सांगता आलं नाही. आणि तुम्हीही कमी नाही! तुम्हीही एक गोष्ट लपवलीत. ती मला मागच्या आठवड्यात गोंदियाच्या एका चष्मेवाल्यानं सांगितली.

झालं असं, की मला चाळिशी लागली. पेपर तपासताना अक्षरं फुटायला लागली. आई आता माझ्याकडेच असते. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "नवी फ्रेम कायले घेतेस? बाबाचा चस्मा पडून आहे. त्यातच तुजा नंबर बसवून घे." तुमची ती काळी, जाड काड्यांची फ्रेम! मला हसू आलं आणि रडूही आलं. मी ती पर्समध्ये टाकली आणि बाजारात गेले.

दुकानदारानं काच उजेडासमोर धरली, मशीनखाली घातली, पुन्हा उजेडासमोर धरली. मग म्हणाला, "मॅडम, ये किसका है? इसमें तो नंबर ही नहीं है. सादा काच है."

मी म्हटलं, नीट बघा, माझ्या वडिलांचा आहे, त्यांना दिसत नव्हतं.

"दिखता था मॅडम," तो म्हणाला. "ये पहनकर भी दिखता था और उतारकर भी."

मी तिथल्या स्टुलावर बसले, बाबा. बिननंबरी चष्मा! एकवीस वर्षं! अहो, काय म्हणायचं तुम्हाला?

घरी येऊन आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले का मालूम? पन सुई तोच ओवून देत होता मले. चस्मा कपारावर चढवून." तुम्हाला दिसतं, हे तर मीही पाहिलं होतं. तुम्ही मला भेटायला यायचे तेव्हा परतीच्या वेळी मी तुम्हाला बसस्टँडवर सोडायला यायची. गाडी अजून फाटकातून आत वळायची असायची आणि तुम्ही म्हणायचे, ही कोहमाऱ्याची आहे, आपली नाही. पाटी मला दिसत नसे, शेजारच्या पोरांना दिसत नसे, तुम्हाला दिसे. मी हसून सोडून द्यायची. का सोडून द्यायची, ते मला आता कळतं. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

तो उन्हाळा तुम्हाला आठवतो ना? मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, गोंदियाला होस्टेलवर. गावातून गणित शिकायला बाहेर पडलेली पहिली पोरगी! सुट्टीत घरी आले की माझ्या नाकाला जमीन दिसायची नाही.

आणि तुम्ही? तुम्ही चौथी शिकलेले. पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांत कोणाला चढउताराच्या जागेत धानाची नवी बांधी, पाणी साठेल असं खाचर, काढायची असली की पहिलं बोलावणं तुम्हाला. मोजायचं काही सामान नाही. एक पितळी लोटा, दोन बांबू, खुट्यांची पिशवी आणि सुतळी. लोट्यातलं पाणी जमिनीवर ओतायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी जिकडं वळेल तिकडं एक बांबू ठेवायचा, त्याच्यावर दुसरा आडवा, बरोबर काटकोनात. त्या दुसऱ्या बांबूच्या रेषेत सुतळी ताणायची. तिथं धुरा, पाणी अडवणारा मातीचा बांध. मी लहान असताना विचारलं होतं, दुसरा बांबू आडवाच का? तुम्ही म्हणाले होते, "पानी कोनाचं आयकत नाही, बाई. आपनच त्याचं आयकाव लागते. ते जिकडं धावते, धुरा त्याच्या आडवा. तिरपा टाकला तं पानी धुऱ्याच्या कडेकडेनं जाते अन् खालचा कोपरा फोडते."

हे वाक्य मला पाठ होतं, बाबा. पाठ असून मी ते केलं.

शिवलालकाकांना त्यांच्या वरच्या पडीक जागेत बांध्या काढायच्या होत्या. चोरखमारा तलावाचं पाणी तिथवर चढत नव्हतं, म्हणून पावसाचंच पाणी अडवायचं होतं. तुम्ही पहाटेच जाऊन लोटा ओतून आला होता. मी नऊ वाजता डुलत डुलत आले, हातात आलेखाचा कागद आणि कंपासपेटी. तुम्ही सुतळी सोडत होता. मी म्हटलं, "बाबा, थांबा. डोळ्याच्या मापानं कुठवर चालणार? मी गणितानं काढून देते."

शिवलालकाका हसले. तुम्हीही हसले. तुमच्या हसण्यात कौतुक होतं, ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. तुम्ही म्हणाले, "काढ. पानी तीन पावलं उगवतीकडं गेलं का दोन पावलं बोडीकडं उतरते."

मोहाच्या झाडाखाली बसून मी कागदावर अक्ष काढले. उगवत उजवीकडे, गाव वरती, बोडीचं तळं खालती. तीन घरं उजवीकडे, दोन घरं खाली. म्हणजे पाण्याच्या रेषेचा चढ उणे दोन छेद तीन. आता धुरा त्याला लंब हवा. लंब रेषेचा चढ काढायचा म्हणजे अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. दोन्ही चढांचा गुणाकार उणे एक यायला हवा. हे अकरावीतलं. बी.एस्सी.वालीला ते शाळकरी वाटत होतं. मी अपूर्णांक उलटा केला, तीन छेद दोन. आणि समोरचं उणे चिन्ह तसंच राहू दिलं.

गुणाकार करून पाहिला असता तर अधिक एक आला असता आणि तिथल्या तिथे चूक दिसली असती. पण पाहायचं कशाला? शिवलालकाका बघत होते, तुम्ही बघत होता!

आणखी एक सांगते. कागदावरही तो काटकोन दिसत नव्हता, बाबा. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या होत्या. तेव्हा मी स्वतःलाच समजावलं, की कागद अरुंद म्हणून मी आडवी आणि उभी घरं सारखी धरलेली नाहीत, त्यामुळे दिसत नसेल. शिकलेल्या माणसाला चुकीसाठी कारणही शिकलेलंच सापडतं. तुमच्या लोट्याचा ओला माग तोवर उन्हानं वाळून गेला होता. नाहीतर जमिनीवर तरी दिसलं असतं.

मी उठले आणि सांगितलं, मोहापासून दोन पावलं उगवतीकडं, तीन पावलं बोडीकडं, अशी दोरी धरा. बोडीकडं! जायला हवी होती तीन पावलं गावाकडं.

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मी त्या बघण्याचा अर्थ तेव्हा असा लावला, की तुम्हाला गणित कळलेलं नाही. मी काय म्हणाले आठवतं? मला आठवतं. मी शिवलालकाकांसमोर म्हणाले, "हे पुस्तकातलं आहे बाबा, लोट्यातलं नाही."

तुम्ही खाली वाकून खुटी ठोकलीत. "पोरगी म्हनते तसं टाकू," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला होस्टेलला सोडायला आलात. रस्ताभर माझी पेटी खांद्यावर घेऊन चालत होता आणि मला विचारत होता, की ते उलटं करायचं काय असते ते पुन्हा सांग. मी सांगितलं. तुम्ही दोनदा विचारलंत, "अन् चिन्ह?" मी म्हटलं, हो हो, तेही बदलायचं असतं. बोलता बोलता मला स्वतःलाच ऐकू आलं नाही! दोन वेळा विचारलंत, बाबा. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर?

रोवणी झाल्यावर पंधरा दिवसांनी आपल्या गावचा दूधवाला होस्टेलच्या फाटकाशी भेटला. शिवलालचा नवा धुरा फुटला म्हणाला. पाणी कडेकडेनं धावलं, खालच्या कोपऱ्यात जमलं आणि कोपरा घेऊन गेलं. अर्ध्या बांधीची रोवणी वाहून खालच्याच्या शेतात जाऊन बसली. मी खोलीत जाऊन तो कागद काढला. उणे चिन्ह तिथंच बसलेलं होतं, माझ्याच हातचं. मी सगळी दुपार गादीवर पडून होते आणि जेवायलाही गेले नाही.

पोळ्याला येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, हे मी ठरवलं होतं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं. पण घरी आले तर तुम्ही दारातच, तो चष्मा लावून. म्हणाले, "माजे डोरे गेले बाई आता. खुटी इकडं ठोकाची तं तिकडं ठोकली. त्या सिवलालचं नुकसान झालं." आणि आत जाऊन मला पाणी आणून दिलंत.

मी ते पाणी प्यायले, बाबा. आणि गप्प बसले.

नंतर मी स्वतःला काय काय सांगितलं! बाबांचे डोळे खरंच गेले असतील. खुटीही थोडी चुकली असेल. अर्धी चूक माझी, अर्धी त्यांची. पुढं पुढं तर मला वाटायचं, की माझ्या वाट्याची चूक पाव सुद्धा नसेल. तुमच्या त्या चष्म्याच्या मागे मी एकवीस वर्षं लपले. मागच्या आठवड्यात चष्मेवाल्यानं काच उजेडासमोर धरली आणि माझी लपायची जागा गेली.

त्यानंतर तुम्हाला कोणी बोलावलं नाही. ह्याला मशिना आल्या हेही कारण होतं, मी कबूल करते. पण मशीन चालवणाऱ्यालाही दोरी कोणीतरी दाखवावी लागते, आणि ती दाखवायला लोक आता दुसऱ्या गावचा माणूस आणू लागले. "म्हाताऱ्याले दिसत नाही," असं म्हणायचे. तुम्ही तेव्हा पन्नाशीतही नव्हता. पितळी लोटा देवघराजवळ गेला आणि बांबू गोठ्याच्या छपराला लागले. तुम्हाला वाईट वाटत होतं का? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.

मी शिक्षिका झाले. तुम्हाला किती आनंद! दर शनिवारी फोन, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "आज काय सिकवलं?" मी सांगायची आणि तुम्ही ऐकत राहायचे. त्रिकोण, संभाव्यता, काहीही. मध्येच विचारायचे, "मंग त्याचं पुढं काय होते?" पण दरवर्षी लंब रेषांचा धडा आला की मी तुमच्याशी खोटं बोलायची. वर्तुळ शिकवलं म्हणायची. एका वर्षी तर मी लागोपाठ तीन शनिवार वर्तुळच शिकवत होते. तुम्ही म्हणालात, "लय मोठं आहे वाटते हे वर्तुर." आणि हसलात. मला तेव्हाही वाटलं होतं, की तुम्हाला माहीत आहे.

वर्गात मी चिन्हाच्या बाबतीत वाघीण आहे. पोरं मला मागे "उणे मॅडम" म्हणतात. फळ्यावर लंब रेषेचं उदाहरण आलं की मी उणेला लाल खडूनं गोल करते, आणि जो विसरेल त्याचे गुण कापते. मागच्या महिन्यात पायल नावाच्या हुशार पोरीचे कापले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅम, बस एक छोटासा मायनस तो है." मी तिच्यावर केवढी ओरडले! सगळा वर्ग दचकला. त्या पोरीला काय ठाऊक, मी कोणावर ओरडत होते.

तर चष्म्याचं कळल्यावर रविवारी मी गावी गेले आणि सरळ शिवलालकाकांच्या अंगणात उभी राहिले. काका आता थकले. खाटेवर बसून म्हणाले, "काऊन वो सुनी, आज कोनाचं लगन आहे का गावात?"

मी बसलेच नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. काका, तुमचा धुरा माझ्यामुळे फुटला. दोरी मी चुकीची सांगितली, बाबांचे डोळे ठीक होते. एका दमात बोलले.

काकांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुजा बाप सांजच्यानं आला होता माज्याकडं. म्हने, सिवलाल, दोरी तिरपी आहे. उद्या पोरीले सोडून येतो अन् मंग सीधी करून देतो. तिच्यासमोर काही बोलू नोको."

मी खाली बसले.

"दुसऱ्या दिवशी तो गेला तुले घेऊन, अन् इकडं ट्रॅक्टरचा नंबर लागला माजा. पुन्हा पंधरा दिवस भेटत नव्हता. मी म्हनलो, सिकल्या पोरीनं लावली आहे दोरी, काही हिसेबच असंल तिचा. टाकून घेतला धुरा. तुजा बाप वापस आला तं धुरा उभा. म्हने, पाड. मीच आयकलो नाही. म्हनलो, तुज्यापेक्सा तिले जास्त समजते." काकांनी तंबाखू तोंडात टाकली. "माजीबी चूक होती न. म्हनून चूप राहिलो."

"मग बाबांनी स्वतःवर का घेतलं, काका?"

तेव्हा काका माझ्याकडे बघेनात. "फुटला त्या दिवशी पारावर लय बोललो मी. म्हनलो, पोरीबारीचं सिकनं हेच! घरचा धुरा मोडते. माज्या मंदीले मी काही कॉलेजात धाडत नाही. तिचं बारावी झालं होतं तवा. चार जन हो म्हनले. आनखी दोघातिघांच्या पोरी होत्या. तं तुजा बाप उठला. म्हने, पोरीचा हिसेब बरोबर होता, खुट्या मी चुकीच्या ठोकल्या, माजे डोरे गेले. मले मालूम होतं तो लबाड बोलून राहिला. ज्याले दोरी तिरपी दिसली त्याचे डोरे कसे गेले? पन सगळ्यांसमोर मी का बोलू? आठ दिवसांनी तिरोड्याच्या बाजारातून चस्मा घालून आला."

मंदा आता नर्स आहे, बाबा, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या शेवटच्या दिवसांत सलाईन लावायला तीच घरी यायची. तिच्या हातून सुई टोचून घेताना तुम्ही तो चष्मा लावून बसायचे!

का नाही बोलले हो मला? एकदा तरी? एखाद्या शनिवारी, फोनवर, सहज? मी रागावले असते का? मला मोकळं वाटलं असतं. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, पण मला माफी मागायची जागाच ठेवली नाहीत. हा माझा तुमच्यावर राग आहे आणि तो मी लिहूनच ठेवते.

काका मला शेतावर घेऊन गेले. काठी टेकत, थांबत थांबत. नवा धुरा सरळ गावाकडं गेलेला, तुमच्या हातचा. फुटल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्हीच आपल्या हातानं तो नीट टाकून दिलात, हे मला माहीत होतं. पण मोहाच्या झाडाजवळ एक आठ-दहा पावलांचा तुकडा तिरपा उभा होता. बोडीकडं वळलेला. त्याचं काही कामच नाही तिथं. त्यावर तुरीचे कापलेले खुंट.

"हा तुजा," काका म्हणाले. "बाकीचा पाडला त्यानं. एवढा राहू दे म्हने. इथं उंचावर पानी येत नाही, कोनाचं नुकसान नाही. दरसाली यावर तूर लावत होता. मी म्हनलो लाव, या धुऱ्याची तूर तुजी."

बाबा, ती डाळ!

दरवर्षी होळीच्या आधी तुम्ही पिशवीत पायलीभर डाळ घेऊन गोंदियाला यायचे. घरच्या जात्यावर भरडलेली. मी विचारायची, आपल्या धुऱ्यांवर एवढी कुठून होते? तुम्ही म्हणायचे, "तुज्या धुऱ्याची आहे. खा." मी चेष्टा करायची, की माझ्याकडे दोन खोल्या आणि एक गॅलरी, धुरा कुठला आला? तुम्ही हसायचे. वीस वर्षं मी ते वरण खाल्लं. पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, की बाबांच्या डाळीची चव बाजारच्या डाळीला नाही.

काका म्हणाले, "औंदाची तूर मी कापून ठेवली आहे. तो न्याले आलाच नाही." घरी आल्यावर त्यांनी एक पिशवी काढून दिली. अख्खी तूर, भरडलेली नाही. मी ती मांडीवर घेऊन बसमध्ये बसले आणि गोंदिया येईस्तोवर रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "क्या हुआ दीदी?" काय सांगणार!

आता तुमचा प्रश्न. आज काय शिकवलं?

आज लंब रेषा शिकवल्या, बाबा. परीक्षेच्या आधीची उजळणी होती. वर्तुळ नाही!

दोन लाकडी पट्ट्या घेऊन गेले. टेबलावर एक तिरपी ठेवली, तीन वीत उजवीकडे आणि दोन वीत खाली, आणि तिच्यावर दुसरी तशीच. पायलला बोलावलं. म्हटलं, वरचीला पाव फेरी फिरव. तिनं फिरवली. आता बघ, पहिल्यांदा जे आडवं तीन होतं ते उभं झालं आणि जे उभं दोन होतं ते आडवं. म्हणून अपूर्णांक उलटतो. आणि आधी पट्टी उतरत होती, आता चढते आहे. म्हणून चिन्ह बदलतं. फिरवल्यावर ते बदलणारच, लक्षात ठेवायची गरजच नाही. पोरी एकदम म्हणाल्या, "अरे हां!" इतकी वर्षं मी लाल खडूनं गोल करत होते आणि तुमचा बांबू फिरवून दाखवायचं मला सुचलं नव्हतं.

मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. लोटा, मोहाचं झाड, माझं न बदललेलं चिन्ह, चष्मा, सगळं. पायल म्हणाली, "मॅम, आपके बाबूजी को सॉरी बोला?" मी म्हटलं, आज लिहिणार आहे. तिचे कापलेले गुणही परत दिले. त्यावर रागावू नका.

बाबा, मला माफ करा. लोट्यातलं गणितच खरं होतं आणि मी ते लोकांसमोर हिणवलं. त्या दिवशी तुम्ही वाकून खुटी ठोकलीत, तो तुमचा वाकलेला पाठीचा कणा मला रोज दिसतो. एकदा, फक्त एकदा, पुन्हा त्या मोहाखाली तुमच्या शेजारी उकिडवं बसून पाणी कुठं जातं ते बघायला मिळालं असतं तर! मी एक अक्षरही बोलले नसते.

चष्म्यात मी नंबर बसवला नाही. फ्रेम तशीच ठेवली आहे, रविवारी गावाहून आणलेल्या तुमच्या लोट्याच्या शेजारी. माझ्यासाठी दुसरी घेतली.

पिशवीतल्या तुरीला मी हात लावलेला नाही. जून लागला की गावी येईन. आधी पारावर जाऊन सगळ्यांसमोर सांगेन, की धुरा सुनीनं मोडला आणि तिच्या बापाचे, गोविंदाचे, डोळे अखेरपर्यंत शाबूत होते. काका म्हणाले, मीही तुझ्याबरोबर उठतो. मग मोहाजवळच्या त्या तिरप्या तुकड्यावर ही तूर माझ्या हातानं टोबीन, आणि दरवर्षी टोबत जाईन. होळीला डाळ झाली की पहिलं वरण आईला, दुसरं मंदाकडे आणि तिसरं पायलच्या डब्यात. विचारलं कुठली, तर सांगेन, माझ्या धुऱ्याची आहे, खा.

तुमची,
चिन्ह बदलायचं विसरलेली
सुनी